पाळण्यातले पाय

निक डेकॉस हे नाव मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा त्याच्याविषयी मला एकच गोष्ट सांगण्यात आली, आणि ती म्हणजे तो कोणाचा मुलगा आहे. २०२१चा हिवाळा होता आणि मेलबर्न शहर टाळेबंदीत जात होते, बाहेर येत होते, पुन्हा आत जात होते. आमची पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा मात्र एक दिवसही बंद नव्हती. चहाच्या सुट्टीत एकमेकींपासून हातभर अंतर राखून बसायचे आणि आजाराखेरीज इतर कशावर तरी बोलायचे, असा आमचा अलिखित नियम झाला होता. माझ्या ज्येष्ठ सहकारी बाई ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या कॉलिंगवूड या क्लबच्या जन्मापासून पाठीराख्या आहेत. त्या वर्षी कॉलिंगवूडचा संघ अठरा संघांत सतराव्या स्थानी घसरला, तरी बाईंचा चेहरा पडलेला नव्हता, आणि कारण विचारले की त्या म्हणत, "पीटरचा धाकटा येतोय." पीटर कोण, हे मला ठाऊक असणारच असे त्यांनी गृहीत धरले होते. या शहरात ते ठाऊक नसणे म्हणजे पुण्यात राहून पंडित भीमसेन जोशी कोण असे विचारण्यासारखे आहे, हे मला नंतर कळले.

आपल्याकडच्या वाचकांसाठी या खेळाची ओळख थोडक्यात करून देते, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, ज्याला येथे सारे जण नुसते 'फुटी' म्हणतात, तो लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूने खेळला जातो आणि प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू एका वेळी मैदानावर असतात. चेंडू हातात धरून पळता येते, पण दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटून किंवा टेकवून घ्यावा लागतो. सहकाऱ्याकडे तो हाताने फेकता येत नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो, नाहीतर लाथेने मारावा लागतो. लाथेने आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात आणि झेलणाऱ्याला घटकाभर कोणी हात लावू शकत नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोघांमधून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. थोडक्यात चुकलेल्यालाही एक गुण देणारा हा खेळ मला त्या एका गुणासाठीच पहिल्यांदा आवडला होता.

पीटर डेकॉस या खेळातला जादूगार मानला जातो. मॅसेडोनियाहून आलेल्या स्थलांतरित कुटुंबातला हा मुलगा १९७९ ते १९९३ या काळात कॉलिंगवूडसाठी २५० सामने खेळला आणि त्याने ५४९ गोल केले. १९९०च्या मोसमात त्याने ९७ गोल केले आणि त्याच वर्षी कॉलिंगवूडने तब्बल बत्तीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. आकड्यांपेक्षा लोकांच्या लक्षात राहिले आहेत ते त्याचे गोल करण्याचे कोन. सीमारेषेला चिकटून उभा असलेला खेळाडू, समोर खांबांची फट जवळपास दिसेनाशी झालेली, आणि हा गृहस्थ चेंडू पायावर असा काही तिरका घेई की तो हवेत केळ्यासारखा वळून बरोबर मधल्या दोन खांबांमधून जाई. त्याच १९९०च्या बाद फेरीत वेस्ट कोस्टविरुद्ध केलेला असा एक गोल बाईंनी मला फोनवर दाखवला आणि तो सुरू असताना त्या स्वतःच खुर्चीत तिरक्या झाल्या. पीटरच्या पाठीवर ३५ हा आकडा असे.

त्याचा थोरला मुलगा जॉश २०१६च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ५७व्या क्रमांकावर कॉलिंगवूडमध्ये आला होता, म्हणजे फारशा गाजावाजाविना. धाकटा निक, जन्म ३ जानेवारी २००३, याचे तसे नव्हते. केरी ग्रामर या शाळेकडून आणि ओकली चार्जर्स या अठरा वर्षांखालील संघाकडून खेळतानाच त्याच्याविषयी बोलले जाऊ लागले होते. २०२०ची कुमारांची स्पर्धा साथीमुळे व्हिक्टोरियात झालीच नाही, २०२१ची तुकड्यातुकड्यांत झाली, आणि तरीही त्या मोजक्या सामन्यांत या मुलाने चेंडू इतक्या वेळा हाताळला की पुढच्या निवडीत पहिल्या दोन-चारांत त्याचे नाव असणार याविषयी कोणाला शंका उरली नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. येथे तर पाळणाही सर्वांच्या ओळखीचा होता.

आता त्या निवडीविषयी, कारण मराठी मनाला पहिला काटा येथेच टोचतो. या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एएफएलमध्ये, नवे खेळाडू संघांना मनास येईल तसे घेता येत नाहीत. दरवर्षी अखेरीस 'ड्राफ्ट' होतो, आणि त्यात तळाचा संघ सर्वांत आधी निवड करतो, विजेता सर्वांत शेवटी. दुबळ्याला आधी वाढायचे, असा हा पंक्तीचा न्याय आहे. पण या पंक्तीत एक खास पाट मांडलेला असतो. ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबसाठी शंभर किंवा अधिक सामने खेळले आहेत, त्या मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क असतो. याला 'फादर-सन' नियम म्हणतात. हे मी प्रथम ऐकले तेव्हा माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाला, घराणेशाही. आमदाराचा मुलगा आमदार, साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा मुलगा अध्यक्ष, हे पाहून आलेल्या बाईने दुसरे काय म्हणावे?

बाईंना हा शब्द समजावून सांगितल्यावर त्यांनी मला रॉन बरॅसीची हकिकत सांगितली, आणि त्यानंतर माझे मत थोडे हलले. थोरला रॉन बरॅसी मेलबर्न क्लबचा खेळाडू. १९४०च्या अजिंक्य संघात तो होता. पुढच्याच वर्षी, जुलै १९४१मध्ये, तो टोब्रुकच्या लढाईत मारला गेला. मागे पाच वर्षांचा मुलगा राहिला, त्याचेही नाव रॉन. तो मोठा होऊ लागला तेव्हा खेळाडू त्यांच्या राहत्या भागानुसार क्लबांना मिळत, आणि त्या हिशेबाने हा मुलगा दुसऱ्याच क्लबकडे गेला असता. मेलबर्न क्लबने धडपड करून मुलाला वडिलांच्या क्लबमध्ये खेळू देणारा नियम पदरात पाडून घेतला. धाकटा बरॅसी १९५३मध्ये वडिलांचाच ३१ आकडा पाठीवर घेऊन उतरला आणि पुढे या खेळातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाला. वडिलांविना वाढलेल्या एका मुलाची आणि एका हरवलेल्या मित्राची गोष्ट या नियमाच्या मुळाशी आहे. अर्थात मूळ कितीही हळवे असले, तरी आजच्या कोट्यवधी डॉलरांच्या स्पर्धेत त्याचा फायदा ज्याच्या घरी चांगली मुले जन्मतात त्यालाच होतो, हा माझा आक्षेप कायम आहे.

तो हक्कही फुकट मिळत नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे. दुसरा एखादा क्लब आपल्या पाळीला त्या मुलासाठी बोली लावू शकतो, आणि मग बापाच्या क्लबला ती बोली जुळवावी लागते. प्रत्येक निवडक्रमाला ठरावीक गुण असतात, आणि तेवढ्या गुणांची भरपाई, काही सवलत वजा जाता, आपल्या नंतरच्या क्रमांकांमधून करून द्यावी लागते. म्हणजे शंभराची नोट नसेल तर दहा-दहाची नाणी जमवून द्यायची. कॉलिंगवूडने २०२१ची आपली पहिली निवड वर्षभर आधीच ग्रेटर वेस्टर्न सिडनी या क्लबला देऊन टाकली होती. त्यांचा संघ सतराव्या स्थानी कोसळल्यामुळे ती निवड दुसऱ्या क्रमांकाची ठरली आणि वर्तमानपत्रांनी त्या व्यवहारावर बरेच तोंडसुख घेतले. पण निकसाठी लागणारी नाणी त्यांनी तोवर गोळा करून ठेवली होती. पहिल्या क्रमांकावर नॉर्थ मेलबर्नने जेसन हॉर्न-फ्रान्सिसला घेतले, पुढे चौथ्या क्रमांकावर गोल्ड कोस्टने निक डेकॉससाठी बोली लावली आणि कॉलिंगवूडने ती लगेच जुळवली. क्लबने त्याला जर्सी दिली ती ३५ क्रमांकाची.

हा आकडा स्वीकारणे शहाणपणाचे होते का, यावर आमच्या चहाच्या टेबलावर मतभेद होते. मला ते अंगावर विनाकारण ओझे घेणे वाटले. जॉशने वडिलांचा आकडा घेतलेला नव्हता, मग या पोराला काय गरज? बाईंचे म्हणणे असे की, त्याने ४८ घातला असता तरी प्रेक्षकांना ३५च दिसला असता, तेव्हा निदान खरे तरी घालावे.

१८ मार्च २०२२, शुक्रवारची रात्र, समोर सेंट किल्डा. नवे प्रशिक्षक क्रेग मॅक्रे यांचा तो पहिला सामना आणि निकचाही पहिलाच. कॉलिंगवूड १०२ विरुद्ध ८५ असे जिंकले. निकने त्या रात्री २७ वेळा चेंडू मिळवून पुढे दिला. येथे याला 'डिस्पोजल' म्हणतात, लाथ किंवा मुठीचा ठोसा यांची ती बेरीज असते, आणि पदार्पणात दहा-बारा झाले तरी लोक पाठ थोपटतात. पण माझ्या लक्षात राहिली ती त्याची जागा. सर्वांना तो मधल्या फळीत, हाणामारीच्या केंद्रात, दिसेल असे वाटले होते. मॅक्रे यांनी त्याला 'हाफ-बॅक'ला, म्हणजे बचावाच्या बाहेरच्या कडेला उभे केले. तेथून सारे मैदान तोंडासमोर असते. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला मोडला की चेंडू त्या भागात येतो आणि पुढे कोणत्या वाटेने न्यायचा हे तेथला माणूस ठरवतो. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यांना तिथे धक्के कमी आणि डोळ्यांना काम जास्त. मला ही योजना फार आवडली. नव्या शिष्याला आधी तानपुऱ्यावर बसवतात, मैफलीचा सारा आवाका त्याला मागून ऐकू यावा म्हणून, तसे काहीसे.

त्यावर टीकाही झाली. मागे उभे राहून मिळणारे चेंडू स्वस्त असतात, अंगावर कोणी नसताना इकडून तिकडे दिलेल्या चेंडूंनी आकडे फुगतात, असे जाणकार म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. नुसती बेरीज पाहून या खेळात कोणाला थोर ठरवू नये. पण आमच्या बाईंनी मला आकडे सोडून पाय पाहायला शिकवले, आणि मग चित्र पालटले.

त्या वर्षी आम्ही एमसीजी या मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर खालच्या रांगेत, सीमारेषेपासून पाच-सात ओळींवर बसलो होतो. चेंडू आमच्या बाजूला आला आणि निकच्या हातात पडला. दोन खेळाडू त्याच्यावर चालून आले, दोघेही त्याच्या उजव्या बाजूने, कारण उजव्या पायाच्या माणसाला त्या बाजूला कोंडले की त्याचा पाय बांधला जातो. तो थांबला. खरोखर थांबला, पळता पळता क्षणभर स्थिर झाला, आणि ते दोघे त्या थांबण्यानेच अर्धे पाऊल पुढे निघून गेले. मग त्याने चेंडू डाव्या हाताकडे सरकवला, तो डाव्या पायावर अलगद टाकला, आणि चाळीस मीटरवर धावत असलेल्या सहकाऱ्याच्या छातीवर पोहोचवला. चेंडू पायाला लागतानाचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला, ओल्या कणकेच्या गोळ्यावर थाप मारावी तसा, भरीव. उजव्या पायाचा आवाजही तसाच येतो. बाई म्हणाल्या, डोळे मिटून ऐक, कोणता पाय ते ओळखून दाखव. मी दोनदा चुकले.

त्याची दुसरी खोड म्हणजे चेंडू दिल्यावर तो उभा राहत नाही. शेजाऱ्याला मुठीने चेंडू देतो आणि त्याच दमात त्याच्या पाठीमागून पुढे पळतो, त्यामुळे तोच चेंडू दोन सेकंदांनी मोकळ्या जागेत परत त्याच्याकडे येतो. अंगावरचा माणूस तोवर चेंडूकडे पाहत राहिलेला असतो. यात वेग फारसा नाही, अचाट उंचीही नाही. निक हा सहा फुटांच्या आसपासचा, दिसायला साधाच मुलगा आहे. हे सारे कुठे उभे राहायचे आणि केव्हा निघायचे याचे ज्ञान आहे, आणि तसे ज्ञान रक्तातून येत नाही. उजवा पाय जन्मतः मिळतो असे म्हणा हवे तर. डावा पाय असा होण्यासाठी कोणीतरी अंगणात रोज चेंडू परत आणून द्यावा लागतो. तेव्हा मला घराणेशाही हा शब्द मागे घ्यावासा वाटला आणि त्याच्या शेजारचा, आपल्याकडे फार आदराने उच्चारला जाणारा शब्द सुचला, घराणे. गादी वारसाने मिळते, पण गायकी तालमीशिवाय येत नाही, आणि घराण्यातला मुलगा बेसूर निघाला तर सभागृह त्याला दुप्पट शिक्षा करते.

जुलै २०२२मध्ये ॲडलेडला जाऊन कॉलिंगवूडने पाच गुणांनी सामना जिंकला. त्यात निकने चाळीस वेळा चेंडू हाताळला आणि तीन गोलही केले. स्वस्त चेंडूंची भाषा त्यानंतर बरीच थंडावली. त्या वर्षीचा उगवत्या खेळाडूचा 'रायझिंग स्टार' पुरस्कार त्याला मिळाला. आदल्या वर्षी सतरावा असलेला संघ सलग अकरा सामने जिंकत थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तेथे सिडनीकडून एका गुणाने हरला. तो मला आवडणारा एक गुण त्या दिवशी मुळीच आवडला नाही.

त्याच निवडीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या हॉर्न-फ्रान्सिसचे ते वर्ष याच्या शेजारी ठेवून पाहावे. तोही अस्सल गुणवान, अंगाने निकपेक्षा दणकट. पण साउथ ऑस्ट्रेलियातले घर सोडून तो अशा संघात आला, जो त्या वर्षी शेवटच्या स्थानी राहिला आणि ज्याचा प्रशिक्षक मोसमाच्या मध्यातच पायउतार झाला. वर्षाअखेरीस त्याने बदली मागितली आणि तो आपल्या राज्यात, पोर्ट ॲडलेडला परतला. येथल्या वर्तमानपत्रांनी त्याला वृत्तीचे दोष चिकटवले. मला ते अन्यायाचे वाटले. एकोणीस वर्षांचा एक मुलगा थोरल्या भावाच्या शेजारी कपडे बदलतो, स्कॉट पेंडलबरीसारख्या, २००६पासून त्याच क्लबमध्ये खेळणाऱ्या माणसाकडून सामन्यात घाई कशी करू नये हे शिकतो, आणि रात्री ज्या घरी जातो तेथे जेवणाच्या टेबलावर २५० सामने बसलेले असतात. दुसरा परक्या शहरात रोज हरणाऱ्या संघात उभा असतो. पाय दोघांचेही पाळण्यात दिसले होते, पण पाळण्याची दोरी कोणाच्या हातात आहे तेही पाहायला नको का? मी स्वतः घर सोडून या देशात आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हातून इतके नमुने चुकीच्या रॅकमध्ये गेले की आठवले तरी कानशिले तापतात.

२०२३मध्ये निक मधल्या फळीत सरकला आणि गोष्ट वेगाने पुढे गेली. २५ एप्रिलला, अँझॅक दिनाच्या सामन्यात, एसेंडनविरुद्ध कॉलिंगवूड शेवटचा चतुर्थांश सुरू होताना २८ गुणांनी मागे होते आणि संपताना तेरा गुणांनी पुढे. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ खेळल्या जाणाऱ्या या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक वीस वर्षांच्या निकच्या गळ्यात पडले. ब्राउनलो पदक, म्हणजे पंचांनी प्रत्येक साखळी सामन्यानंतर दिलेल्या तीन, दोन आणि एक मतांच्या बेरजेवर ठरणारा या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान, त्यालाच मिळणार असे लोक धरून चालले होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला हॉथॉर्नने त्याच्यावर फिन मॅगिनेस नावाचा खेळाडू सोडला. चेंडू मिळवणे हे या माणसाचे काम नसते. समोरच्या एकाच माणसाला तो मिळू न देणे हे त्याचे काम. याला 'टॅग' करणे म्हणतात. त्या दिवशी निकच्या हाती चेंडू बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा आला, आणि वर गुडघ्यापाशी आपटून हाडाला चीर गेली. साखळीतले उरलेले तीन सामने आणि बाद फेरीचा पहिला सामना हुकला.

तो परतला २२ सप्टेंबरला, उपांत्य सामन्यात, ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध. ही तारीख मला कधीच चुकायची नाही, कारण त्या दिवशी आमच्याकडे गौरीपूजन होते. आई नाशिकहून आलेली होती. सोळा भाज्या येथे जमवता जमवता जीव मेटाकुटीला आला होता, आणि मी आरतीनंतर दिवाणखान्यातला टीव्ही आवाज बंद करून लावून ठेवला होता. आईला बाह्या नसलेल्या जर्सीतली ती पोरे पाहून आधी थंडीची काळजी वाटली. मग तिने विचारले, "अगं, हा गुडघ्याला सांभाळून पळतोय तो कोण?" मी नाव सांगितले. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "कुणाचा मुलगा?" मला हसू आले. मी पीटरची सारी कथा सांगितली, ३५ आकडाही दाखवला. आई म्हणाली, "मग बापाला आत धडधडत असेल." तेवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला, पण मला त्यात पीटर काही दिसला नाही. कॉलिंगवूड ५८-५७ असे, एका गुणाने जिंकले. पुरणपोळीचे ताट हातात घेऊन मी उडी मारली, हे आईने नंतर नाशिकला सर्वांना सांगितले.

सोमवारी ब्राउनलोची मतमोजणी झाली. ब्रिस्बेनच्या लॅकी नीलला ३१ मते, मार्कस बॉन्टेम्पेलीला २९, निकला २८. चुकलेले साखळी सामने तीन आणि कमी पडलेली मतेही तीन. बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हा हिशेब इतक्या वेळा मांडला की शेवटी मी यंत्राच्या आवाजाचे निमित्त करून उठले.

अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांनी, शनिवार ३० सप्टेंबरला, एक लाखाहून अधिक लोकांसमोर अंतिम सामना झाला. ब्रिस्बेन आणि कॉलिंगवूड यांच्यात आघाडी हातोहात फिरत राहिली. शेवटी जॉर्डन डीगोई आणि स्टील साइडबॉटम यांनी लांबून मारलेल्या गोलांनी पारडे कलले, आणि कॉलिंगवूड ९०-८६ असे, चार गुणांनी जिंकले. क्लबचे ते सोळावे अजिंक्यपद. कर्णधार डार्सी मूर, तोही याच क्लबच्या पीटर मूर यांचा मुलगा. म्हणजे त्या संघात बापाच्या वाटेने आलेले तिघे होते, त्यांपैकी दोघे सख्खे भाऊ. ज्याच्यासाठी ही वाट पाडली गेली, तो धाकटा रॉन बरॅसी त्याच्या दोन आठवडे आधी, १६ सप्टेंबरला, वयाच्या ८७व्या वर्षी वारला होता.

त्या वर्षी क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा कोपलँड चषक निकला नव्हे, जॉशला मिळाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ५७व्या क्रमांकाच्या थोरल्याने चौथ्या क्रमांकाच्या धाकट्याला मागे टाकले. निकने तो चषक पुढच्या वर्षी घेतला. २०२४मध्ये ब्राउनलोत त्याला ३८ मते मिळाली. दोन पंचांनी वेगवेगळी मते दिलेली १९७६ आणि १९७७ ही वर्षे सोडली, तर तोवर या पदकाच्या इतिहासात एका मोसमात ३६च्या वर कोणी गेलेले नव्हते, म्हणजे त्याआधीच्या इतर कोणत्याही वर्षी एवढ्या मतांनी पदक जिंकले असते आणि विक्रमही झाला असता. पण त्याच वर्षी कार्ल्टनच्या पॅट्रिक क्रिप्सने ४५ मते घेतली. संघही त्या वर्षी बाद फेरीत पोहोचला नाही. २०२५मध्येही निक पुन्हा दुसराच राहिला, मॅट रोवेलच्या मागे. एकदा तिसरा आणि लागोपाठ दोनदा दुसरा. आमच्या बाईंच्या मते हा पंचांचा कट आहे. माझ्या मते त्याच्यावर आता दर आठवड्याला एक मॅगिनेस सोडला जातो, आणि अशा पहाऱ्यातून वाट काढायला अजून त्याला शिकायचे आहे. मागे उभे राहून सारे मैदान पाहण्याची मुभा आता त्याला कोणी देत नाही.

बाई यंदा निवृत्त होत आहेत. परवा चहाच्या सुट्टीत त्यांनी मला सहज आठवण करून दिली, की फादर-सन नियमासाठी वडिलांचे शंभर सामने लागतात, आणि निकचा तो आकडा पूर्ण झाला की त्याला उद्या मुले झालीच तर त्यांच्यावरही कॉलिंगवूडचा पहिला हक्क राहील. मुलाचे अजून लग्नही झालेले नाही, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, त्याने काय होते, ३५ तोवर कोणाला देऊ नका म्हणून मी क्लबला पत्र लिहून ठेवते.